उत्क्रांतीचा धडा कोणासाठी?

(तारकर्ली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावरून सकाळी होड्या निघतात आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवून परत येतात. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण तो मासा नव्हे. त्याला श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावे लागते, त्याची मादी पिलाला दूध पाजते. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवितो, तर डॉल्फिन वर-खाली, म्हणजे धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा ज्या दिशेने वाकतो त्याच दिशेने. त्याच्या पुढच्या परात हाताच्या बोटांची हाडे असतात. याच किनारपट्टीच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी रात्री वर येतात, कारण सारे आयुष्य समुद्रात काढूनही जमिनीवरच्या पूर्वजांचा हा वारसा त्यांना सोडता आलेला नाही. खाडीच्या चिखलात निवटी नावाचा मासा परांच्या आधाराने चालतो आणि ओल्या त्वचेतून हवेतील प्राणवायू घेतो. निवटी हा काही माणसाचा पूर्वज नव्हे. पण पाणी आणि जमीन यांच्यामधली सीमा जीवसृष्टीने अनेकदा आणि अनेक मार्गांनी ओलांडली आहे, याची साक्ष तो रोज देतो.

या साऱ्याचा अर्थ लावणारे शास्त्र म्हणजे उत्क्रांतीचे शास्त्र. ते केवळ परदेशातील खडकांवर उभे राहिलेले नाही. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांत एका लहानशा खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म दडलेले होते. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा 'इंडोहायस' व्हेल आणि डॉल्फिन यांच्या कुळाचा निकटचा आप्त असल्याचे २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तारकर्लीसमोर उसळणाऱ्या डॉल्फिनच्या वंशकथेचे एक पान याच देशाच्या भूमीत सापडले, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवी.

ती समजून घेण्याची वाट राज्य मंडळाच्या शाळेत आज तरी उघडी आहे. २०१८ पासून वापरात आलेल्या इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पाठ्यपुस्तकाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जीवाश्म, जोडणारे दुवे, अवशेषांगे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत आणि मानवाची उत्क्रांती हे सारे त्यात येते. पाठीच्या कण्याच्या टोकाला असलेल्या ज्या हाडाला मराठी माणूस सहजपणे 'माकडहाड' म्हणतो, त्या हाडाचा अर्थ विद्यार्थ्याला तेथे प्रथम कळतो. परंतु केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या, त्याच वयाच्या मुलापुढून हा विषय २०२३ मध्ये काढून घेण्यात आला. दहावीच्या त्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असे प्रकरण होते. तेथे केवळ 'आनुवंशिकता' उरली.

हे कसे घडले ते क्रमाने पाहिले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील एका वैदिक संमेलनाच्या वेळी केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे पूर्वजांनी कोठे लिहिलेले वा सांगितलेले नाही, म्हणून शाळा-महाविद्यालयांतील शिक्षण बदलले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे गृहस्थ एके काळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला तरी मागे राहिलेल्या खुणांवरून घटना सिद्ध करता येते, हे पोलीस खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? शिवाय उत्क्रांतीशास्त्र आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला असे म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एक समान पूर्वज काही दशलक्ष वर्षांपूर्वी होऊन गेला, असे ते सांगते.

त्या वेळी देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून मंत्र्यांच्या विधानाचा स्पष्ट शब्दांत प्रतिवाद केला, आणि वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळावयास सांगितले. प्रकरण मिटले असे अनेकांना वाटले. पण जानेवारी २०१९ मध्ये पंजाबात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी, दशावताराची कल्पना डार्विनच्या सिद्धांताहून सरस आहे, असे प्रतिपादन केले. पुढे कोविडच्या काळात अभ्यासाचा भार हलका करावयाचा म्हणून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने धडे गाळले, आणि साथ ओसरल्यावरही उत्क्रांतीचा भाग दहावीच्या पुस्तकात परतला नाही. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रसारकांनी ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकाराने निषेधाचे खुले पत्र प्रसिद्ध केले. २०१८ साली मंत्र्यांनी गाजावाजा करून जे मागितले आणि मिळविता आले नाही, ते पाच वर्षांनी भार कमी करण्याच्या नावाखाली निमूटपणे घडून आले. दोन्ही घटनांमागे एकच हात होता असे पुराव्यावाचून म्हणणे योग्य नव्हे. परंतु परिणाम एकच झाला, हे कोणाला नाकारता येणार नाही.

परिषदेचे उत्तर असे की, विषय वगळलेला नाही, तो बारावीच्या जीवशास्त्रात सविस्तर आहे. हे खरे आहे. साथीच्या काळात मुलांवरचा बोजा कमी करावा, हाही विचार चुकीचा नव्हता. पण प्रश्न असा आहे की, बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोचतो कोण? दहावी हा सर्वांना सक्तीने विज्ञान शिकविणारा शेवटचा वर्ग. त्यानंतर कोणी कला शाखेला जातो, कोणी वाणिज्य शाखेला, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत. कोणी वडिलांबरोबर होडीवर जातो, कोणी हॉटेलात किंवा पर्यटकांच्या सेवेत कामाला लागतो. विज्ञान शाखा घेणाऱ्यांतही अभियांत्रिकीकडे जाणारे पुष्कळजण जीवशास्त्र सोडतात. म्हणजे दहावीतून बारावीच्या जीवशास्त्रात नेलेला धडा हा सर्वांच्या ताटातून काढून थोड्यांच्या ताटात वाढलेला धडा होय. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला तो मिळेल. रापण ओढणाऱ्याच्या मुलीला, ती केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत असेल तर, मिळणार नाही. ज्ञान कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, हा या देशातील फार जुना वाद आहे. उत्क्रांतीच्या धड्याचा वाद त्याच मालिकेतला आहे.

अमेरिकेत या वादाने निराळे रूप घेतले. टेनेसी राज्यात १९२५ मध्ये उत्क्रांती शिकविण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी डेटन गावच्या जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला भरून त्याला १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. तांत्रिक कारणावरून तो दंड पुढे रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आर्कान्सा राज्याची तशीच बंदी घटनाबाह्य ठरविली. मग विरोधकांनी बंदीचा आग्रह सोडला आणि 'निर्मितीचे विज्ञान' या नावाने बायबलमधील कथेला वर्गात समान जागा मागितली. लुइझियाना राज्याचा तसा कायदा १९८७ मध्ये रद्द झाला. 'बुद्धिमान योजना' असे नवे नाव घेऊन तोच विचार पुन्हा आला आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या खटल्यात तोही न्यायालयाने नाकारला. तुर्कस्तानात २०१७ मध्ये सरकारने माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली. धर्म वेगवेगळे, देश वेगवेगळे, पण शाळेच्या फळ्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न सर्वत्र एकच.

भारतात मात्र धर्मग्रंथ आणि उत्क्रांती यांची उघड झुंज क्वचितच होते. येथे विरोधाची रीत अधिक गोड आहे. येथे म्हटले जाते, "डार्विनने नवे काय सांगितले? मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाहा. आधी जलचर, मग उभयचर, मग पशू, मग अर्धा पशू अर्धा मनुष्य, मग बुटका मनुष्य. पूर्वजांना सारे ठाऊक होते." मालवणच्या किनाऱ्यावर या युक्तिवादाचा विचार विशेष काळजीने करावयास हवा, कारण दशावतार ही येथे पुस्तकातली कल्पना नाही, ती या मातीची जिवंत कला आहे.

दशावताराकडे प्रथम कला म्हणूनच पाहावे. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात, पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर, लिखित संहितेवाचून, स्वतःच्या प्रतिभेने संवाद रचीत पहाटेपर्यंत नाटक उभे करणारे हे कलावंत बहुधा दिवसा शेती-मजुरी करणारे. त्यांच्या कलेचा अवमान कोणी पुरोगामी म्हणवून घेऊन करील तर तो करंटेपणाच ठरेल. पण ज्यांनी रात्र जागून दशावतार पाहिला आहे त्यांना हेही माहीत आहे की, त्या नाटकात दहा अवतारांचा क्रम मुळी येतच नाही. आधी आडदशावतारात गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती आणि वेद चोरणारा संकासुर येतो, आणि मग पुराणातले एखादे आख्यान रंगते. जीवसृष्टीची वंशावळ सांगण्याचा दावा त्या कलावंतांनी कधी केलेला नाही. तो दावा व्यासपीठावरच्या विद्वानांनी त्यांच्या माथी मारलेला आहे.

आणि तो तर्कालाही टिकत नाही. अवतार ही एका दिव्य शक्तीने हेतुपूर्वक घेतलेली उतरण आहे. उत्क्रांतीत हेतू नाही, आधी ठरलेले गंतव्य नाही. त्यात एकटा जीव बदलत नाही, पिढ्यांमागून पिढ्या समूह बदलतो. अवतारांचा क्रम जिन्यासारखा आहे, तर उत्क्रांती वडाच्या झाडासारखी फांद्या फुटत जाणारी आहे. परशुराम, राम आणि कृष्ण हे तर सारे मनुष्यच, तेथे कोणता जीव उत्क्रांत झाला? वराह आणि मनुष्य यांच्यामधला दुवा सिंहमुखी असावा, असे कोणत्या जीवाश्मावरून ठरले? शिवाय दशावताराचा असा अर्थ लावणारे लेखन डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरचे आहे. थिऑसॉफीच्या एक संस्थापिका हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात हे साम्य मांडले. शतकानुशतके पुराणे वाचणाऱ्यांना जे दिसले नाही ते डार्विन वाचल्यावर दिसू लागले, यातच त्या साम्याचे मूळ उघड होते.

त्याच दशकात महाराष्ट्रात एका पुरुषाने अवतारकथांकडे अगदी निराळ्या दृष्टीने पाहिले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त मत्स्य आणि शंखासुर यांच्यापासून आरंभ करून एकेका अवताराची चिकित्सा केली, आणि या कथांमागे जेत्यांनी जितांना दास केल्याचा इतिहास पाहिला. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आजच्या संशोधनाला मान्य होईलच असे नाही. पण कथा पवित्र आहे एवढ्यासाठी तिला प्रश्न विचारावयाचा नाही, हा दंडक त्यांनी मोडला. आणि गंमत अशी की, ज्याच्या पक्षाने फुल्यांनी प्रश्न विचारले तो शंखासुरच मालवणी रंगभूमीवर संकासुर होऊन येतो आणि आपल्या बोलीत सवाल-जबाब करून देवळासमोर बसलेल्या भाविकांना हसवितो. प्रश्न विचारणे ही या किनाऱ्याची परकी रीत नव्हे.

कोणी विचारील, समाजवादी कार्यकर्त्यांनी या विषयात एवढे लक्ष का घालावे? भाकरीचे, मासेमारीचे, जमिनीचे प्रश्न थोडे आहेत काय? याचे पहिले उत्तर जातीच्या प्रश्नात आहे. विराट पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण निघाले, ही या देशाची सर्वांत प्रभावी निर्मितिकथा आहे. अमेरिकेतल्या निर्मितिकथेने पृथ्वीचे वय चुकविले. या कथेने माणसामाणसांतील अंतर जन्मसिद्ध ठरविले. उत्क्रांतीचे शास्त्र सांगते की, पृथ्वीवरील सारी माणसे एकाच जातीची, आफ्रिकेतून निघालेल्या एकाच कुळाची लेकरे आहेत. दहावीच्या वर्गात सर्व जातींची मुले एका बाकावर बसून हे शिकतात, तेव्हा विषमतेच्या एका जुन्या आधाराला तडा जातो.

दुसरे उत्तर असे की, हे शास्त्र अर्धवट कळले तर घातकही ठरते. 'बलिष्ठ तोच टिकतो' हे वाक्य उच्चारून भांडवलदारांनी मजुरांच्या पिळवणुकीचे आणि साम्राज्यांनी वसाहतींच्या लुटीचे समर्थन केले. 'योग्यतमाची तगणूक' हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ मधला. योग्यतम म्हणजे दांडगा नव्हे, परिस्थितीशी जुळणारा, हे धडा नीट शिकविल्यावाचून कळत नाही. प्राणिसृष्टीत परस्परसाहाय्यही तगण्याचे साधन असते, हे पीटर क्रोपॉट्किनने १९०२ मध्ये ग्रंथ लिहून दाखविले. निसर्गात जे आहे तेच समाजात असावे असा नियम अर्थातच नाही. समाजाची नीती माणसांनीच ठरवावयाची असते. पण दांडगाई हा निसर्गाचा कायदा आहे, असे सांगणाऱ्याला उत्तर देण्यासाठी तो कायदा आधी वाचलेला असावा लागतो.

आणि तिसरे उत्तर भाकरीचेच आहे. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड माशाची बेसुमार पकड झाली. मोठे मासे सतत उचलले गेल्याने लहान वयात आणि लहान आकारातच प्रजननक्षम होणारे मासे मागे उरले, आणि १९९२ मध्ये कॅनडाला ती मासेमारी बंद करावी लागून हजारो कोळ्यांचा रोजगार गेला. पिढ्यांमागून पिढ्या निवड कशी होते हे ज्याला कळते, त्याला जाळ्याच्या आसाचे माप आणि पकडावयाच्या माशाचा किमान आकार यांचा अर्थही कळतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये माशांच्या अनेक जातींसाठी असे किमान आकार ठरवून दिले. पर्ससीनच्या अतिरेकाविरुद्ध पारंपरिक मच्छीमार जे सांगत आले त्याला हे शास्त्र बळ देते. अर्धवट घेतलेल्या औषधांना दाद न देणारे जंतू, कोविडच्या विषाणूची एकामागून एक आलेली रूपे, फवारणीला न मरणारे डास ही सारी उत्क्रांतीचीच उदाहरणे आहेत, आणि त्यांचा फटका प्रथम गरिबाला बसतो.

राज्यघटनेचा कौल या बाबतीत संदिग्ध नाही. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. हा किनारा ज्या राजापूर मतदारसंघात होता त्याने १९७१ पासून वीस वर्षे मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने काढलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा हा प्राध्यापक होता, आणि विज्ञान व समाजवाद यांत त्यांना कधी विरोध वाटला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. लोकांच्या श्रद्धेची टिंगल न करता त्यांना विचार करावयास लावणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. तीच येथेही उपयोगी पडेल.

आता निकडीचा प्रश्न. केंद्रीय मंडळाच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणण्याचे राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. तो दहावीपर्यंत पोचेल तेव्हा मराठी पाठ्यपुस्तकातील त्या पहिल्या धड्याचे काय होणार? पाठ्यपुस्तके छापून झाल्यावर निदर्शने करण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक गावच्या साथींनी आजच तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, दहावीचा तो धडा स्वतः वाचावा आणि पालकांच्या बैठकीत वाचून दाखवावा. कारण जे लोकांना ठाऊक नाही ते गेल्याचे दुःख लोकांना होत नाही. दुसरे, ग्रामसभेत ठराव करून तो पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आणि पाठ्यपुस्तक मंडळाकडे पाठवावा. उत्क्रांतीचा धडा दहावीतच राहावा आणि केंद्रीय पुस्तकातही तो परत यावा, एवढीच मागणी स्पष्ट शब्दांत करावी. तिसरे काम शिक्षकांसंबंधी आहे. धडा पुस्तकात असूनही वाद नको म्हणून तो घाईने उरकणारे शिक्षक आहेत. त्यांना दोष देण्याआधी गावाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

एखाद्या वर्गात एखादी मुलगी उठून विचारील, "बाई, मग दशावतार खोटा का?" बाईंनी तिला निर्भयपणे सांगावे की, जत्रेला जा, पहाटेपर्यंत नाटक पाहा, दहीकाल्याचा प्रसाद घे. आणि सकाळी शाळेत ये, डॉल्फिनच्या परात बोटांची हाडे का आहेत ते शिकण्यासाठी. तिला कोणी त्या रात्रीपासून तोडू नये. आणि त्या सकाळपासून तोडण्याचा अधिकारही कोणाला असू नये, एवढ्यासाठीच हा लढा आहे.